न चाखलेला नैवेद्य

"हळू ढकल. भोपळा आहे तो, दगड नाही," धनराज तिसऱ्यांदा म्हणाला.

"दगड असता तर बरं झालं असतं. दगडाला कुणी इतकं जपत नाही," ज्ञानेश धापा टाकत म्हणाला. हा ज्ञानेश राहणारा नाशिकच्या गंगापूर रोडचा. घरी तिसऱ्या मजल्यावर जायलाही त्याला लिफ्ट लागते. त्यामुळे सुट्टीत गावाकडे आला, की पहिल्या कामातच त्याची कंबर धरते.

हातगाडीवर धनराजचा लाल भोपळा बसला होता. चांगला गरगरीत, खास पाणी घालून वाढवलेला. छाया पुढून गाडी ओढत होती. आणि छायाची पाच वर्षांची बहीण दीपमाला, म्हणजे सगळ्यांची दीपू, भोपळ्याला मिठी मारून गाडीवरच बसली होती. तिला खाली उतरवायची कुणाची टाप नव्हती.

छाया आणि दीपू सातपूरहून कालच एसटीने आल्या होत्या. त्यांच्या बाबांची कारखान्यातली पाळी काही दिवाळीची सुट्टी पाहत नाही, म्हणून दोघींची रवानगी आत्याकडे. आत्या म्हणजे धनराजची आई, मंगलाबाई. सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठावर त्यांची वस्ती. ज्ञानेश हा धनराजचा मावसभाऊ. तिघांची दिवाळीची सुट्टी दरवर्षी इथेच जायची, कारण इथे भोपळ्यांचा मेळा असायचा.

भाऊबीज झाली की येणाऱ्या शनिवारी वस्तीवर भोपळे तोलतात. लाल, दुधी, कुठलाही आणा. जो सगळ्यात जड तो पहिला. रविवारी त्याच पहिल्या भोपळ्याचा गोड पदार्थ रांधून गंगामाईला, म्हणजे गोदावरीला, नैवेद्य दाखवतात. मग नव्या बाजरीच्या भाकरी, वालपापडीची भाजी, घारगे आणि पंगतींवर पंगती. पण पहिली पंगत सहा वर्षांखालच्या पोरांची. लहानांच्या पोटात गेलं की गंगामाईला पोचलं, असं तिथली म्हातारी माणसं सांगतात.

"उद्या मी पहिल्या पंगतीला," दीपूने सकाळपासून दहाव्यांदा सांगितलं.

"हो गं बाई, सगळ्या नाशिक जिल्ह्याला कळलंय," ज्ञानेश म्हणाला.

घाटावरच्या मंडपात धनराजचा भोपळा काट्यावर चढला. चौदा किलो. धनराजची छाती जरा फुगते न फुगते तोच दोन माणसं बांबूला झोळी बांधून एक दुधी घेऊन आली. माणसाच्या छातीपर्यंत पोचेल एवढी लांबी. हिरवागार, तुकतुकीत. काटा एकोणीस किलोवर थांबला.

"आपला हाय," झुंबरनाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले. नाना मेळ्याचे प्रमुख. गावात कुठलंही काम निघालं की नाना पुढे, आणि नाना पुढे असले की बाकी सगळ्यांनी मागे राहायचं, असा शिरस्ता.

दुधी एवढा मोठा म्हणजे जून झालेला असणार, अशी कुणीतरी शंका काढली. नानांनी तिथल्या तिथे त्याच्या सालीत नख दाबलं. नख लोण्यात रुतावं तसं रुतलं. कोवळा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नखाच्या खुणेतून रसाचा थेंब ओघळला. दीपू पुढे झाली आणि बोट लावायला गेली. तेवढ्यात मागून एका काळ्यासावळ्या हाताने तिचं मनगट धरलं.

"नको बाय. त्याला हात नको लावू," तो माणूस हळूच म्हणाला.

तो सावळीराम. पेठच्या डोंगरातला. भात काढून झालं की दरवर्षी नानांच्या मळ्यात कामाला येणारा. त्याने दीपूचं बोट स्वतःच्या सदऱ्याला पुसलं, नानांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून गर्दीतून निघून गेला. टाळ्या चालूच होत्या. छायाला मात्र ते काही बरं वाटलं नाही. आपल्याच मालकाचा भोपळा पहिला आला, आणि हा माणूस मयताला आल्यासारखा का निघून गेला?

"कुठंतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली.

"मुरू दे. माझा भोपळा हरला," धनराज म्हणाला. त्याला त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं.

दुपारी जेवणं झाल्यावर दीपूला झोपवून तिघं नानांच्या मळ्याकडे निघाली. मळा वस्तीच्या शेवटाला, नदीच्या वळणावर. वाटेतल्या शेतांत पाखरांचा नुसता गलका होता. नानांच्या मांडवापाशी पोचल्यावर मात्र तो मागे राहिला. मोडीत काढलेल्या द्राक्षबागेच्या तारांवर नानांनी दुधीचे वेल चढवले होते. पानं इतकी दाट, की भर दुपारी खाली अंधारून आलं होतं.

खाली ओळीने दुधी पडले होते. वेलावरून गळून आठवडा झाला असेल. काही कुजायला लागले होते.

"हे बघा," धनराज वाकून म्हणाला, "आमच्याकडे गळलेलं फळ दुसऱ्या दिवशी अख्खं राहत नाही. घुशी पोखरतात, उंदीर खातात. इथं एकालाही दात लागलेला नाही."

"मुंगीसुद्धा नाही," छाया म्हणाली.

ज्ञानेशला विनोद सुचत नव्हता. तो नुसताच दोघांच्या मधे येऊन उभा राहिला.

मांडवाच्या पलीकडच्या टोकाला ताज्या मातीचा उंचवटा दिसला. हातभर रुंद, दोन हात लांब. वर मोठे दगड रचलेले आणि दगडांच्या फटींतून पांढरं मीठ दिसत होतं. हिरव्या माश्या भिरभिरत होत्या.

"खजिना?" ज्ञानेशने आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं.

"मेलेलं जनावर पुरताना मीठ टाकतात," धनराज म्हणाला.

"माझी शेळी हाय ती," मागून आवाज आला.

सावळीराम कधी येऊन उभा राहिला ते कळलंच नव्हतं. त्याच्या हातातल्या दाव्याला एक शेळी होती. दुसरं दावं खांद्यावर रिकामंच लटकत होतं.

"दोन व्हत्या," तो म्हणाला. "सोमवारी ती पांढरी सुटली आन् त्ये पडलेले भोपळे खाल्ले. दुपारी तोंडाला फेस. सांजेला रगात हगली. रातीला गेली."

"नानांना सांगितलं का, मामा?" छायाने विचारलं.

"सांगितलं तर. म्हणाले, युरिया चाटला असंल. गुमान पुर आन् मेळा होस्तवर तोंड उघडू नको. मला अजून दोन म्हयने हितंच काम करायचं हाय, पोरी." त्याने दगडांकडे पाहिलं. "पण युरियाचं पोतं तर मीच कुलपात ठेवतो."

छायाचं लक्ष मांडवाच्या टोकाला गेलं. तिथे दुधीच्याच वेलांत वेगळे भोपळे लोंबत होते. खाली गोल, वर निमुळते, जाड सालीचे.

"ते कडू भोपळे," धनराज म्हणाला. "सुकवून पोखरतात आणि पोहायला शिकताना पाठीला बांधतात. बुडू देत नाहीत. नाना दरवर्षी लावतात, पोरांना वाटतात. ते खात नसतंय कुणी. विषच असतं."

"आणि दुधीचं बी कुठलं, मामा?"

"घरचंच. मागल्या सालच्या दुधीचं धरलेलं. त्या साली बी दोन्ही येल ह्याच मांडवावर व्हते."

आता ज्ञानेशने तोंड उघडलं. अभ्यासाचं निघालं की हा मुलगा एकदम माणसात येतो. "म्हणजे मागच्या वर्षी पतंगांनी आणि किड्यांनी कडू भोपळ्याचे पराग दुधीच्या फुलावर नेले. फळ गोडच लागलं असेल, पण आतलं बी मिसळीचं झालं. ते बी यंदा लावलं. दिसायला दुधी, आणि गुण कडू भोपळ्याचे."

"आणि उद्याचा तो मोठा दुधी?" छायाने विचारलं.

"त्योच येल," सावळीरामने बोट दाखवलं. शेळीने जिथे फळं खाल्ली होती तिथेच, त्याच वेलावर, वरच्या तारेपाशी एक ताजा कापलेला जाड देठ होता.

धनराजने खालच्या एका दुधीचा कपचा मोडला आणि जिभेच्या टोकाला लावला. दुसऱ्या क्षणी तो वाकून थुंकत होता. सावळीरामने पंप सुरू करून दिला, त्याने चार वेळा चूळ भरली, तरी चेहरा सरळ होईना.

"कारलं याच्यापुढं पेढा," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी येत होतं.

ज्ञानेशने सुस्कारा टाकला. "मग झालं की. उद्या मंगलामावशीच रांधणार ना? दुधी चिरताना ती आधी शेंड्याची चकती चाखते, मी रोज बघतो. कडू लागला की देईल फेकून. आपण उगाच घाबरलो."

धनराजच्या तोंडाचा रंगच उडाला होता.

"काय झालं?" छायाने विचारलं.

"नैवेद्याचं कुणी चाखत नाही, छाया," तो म्हणाला.

अरे देवा. हे छायालाही माहीत होतं. कुणाला माहीत नसतं? देवाला दाखवायच्या आधी पदार्थ तोंडात घालायचा नाही, मीठसुद्धा अंदाजानेच टाकायचं. आणि एकदा नैवेद्य दाखवला, की उद्याची पहिली पंगत. त्रेचाळीस लहान पोरं. त्यांत दीपू.

तिघं पळतच घरी आली. मंगलाबाई अंगणात गूळ फोडत बसल्या होत्या. छायाने सगळं सांगितलं. शेळी, मुंग्या, कडू भोपळे, बी. श्वास न घेता सांगितलं. आत्याने बत्ता खाली ठेवून ऐकलं, आणि मग मान हलवली.

"पोरी, त्या दुधीला हळद-कुंकू लागलं आता. हार घातलाय. आता ते नानांचं बी नाय आन् माझं बी नाय, गंगामाईचं हाय. त्याला सुरी लावून मी चाखू? चौदा वर्षं झाली मी हा नैवेद्य करते. कधी बोटसुद्धा चाटलं नाय."

"पण आत्या, विषारी असलं तर?"

"कुणाच्या पिकाला असं नाव ठिऊ नये," आत्या म्हणाली, पण तिचा हात गुळावर थांबला होता.

नेमके तेव्हाच नाना तुपाचा डबा घेऊन अंगणात आले. आत्याने त्यांच्यापासून काही लपवलं नाही. नाना ऐकून मोठ्याने हसले.

"धनराज, चौदा किलोवर काटा थांबला म्हणून एवढं मनाला लावून घ्यायचं? कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतात ते हेच. गळलेली फळं सडतात, सडली की कडू होतात. आन् त्या शेळीनं युरिया चाटला."

"मग मोठ्या दुधीची एकच चकती कापून चाखा ना, नाना. तुमचाच आहे," छाया म्हणाली.

नाना हसायचे थांबले. "नैवेद्य उष्टा करायला सांगतेस? सातपूरला हेच शिकवतात का गं तुम्हाला?"

मोठी माणसं अशी ठेवणीतली वाक्यं काढतात, तेव्हा खरं बोलणाराच वेडा ठरतो. नाना गेले. आत्याने धनराजला चार शब्द सुनावले आणि पुन्हा गूळ फोडायला घेतला. पण मघापेक्षा हळू.

गावात डॉक्टर प्रतिभाताई होत्या. त्यांना तरी सांगावं म्हणून ज्ञानेशने फोन लावला. त्या माहेरी गेल्या होत्या, उद्या दुपारनंतर येणार होत्या. फोनवर खरखर फार. "कडू... खायचं नाही... कुणीही..." एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला. नंतर लागलाच नाही.

दिवेलागणीला दीपू पाय दुमडून पाटावर बसली होती आणि "वदनी कवळ घेता" म्हणायचा सराव करत होती. छाया तिच्याजवळ बसली.

"दीपू, उद्याचा हलवा खायचा नाही हं. कडू आहे तो."

"आत्या म्हणते, प्रसाद टाकला तर गंगामाई रागावते."

"आणि कडू लागला तर?"

"डोळे मिटून गिळायचा," दीपू म्हणाली. "औषधासारखा. सगळ्यांनी तसंच ठरवलंय. मीच सांगितलं सगळ्यांना."

आता दीपू एकटीला थांबवून काय उपयोग? कडू लागलं म्हणून एकही पोर पानात टाकणार नव्हतं. तिने दीपूला जवळ ओढून घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

रविवारी सकाळी नदीवरून धुकं चढून मंडपात आलं होतं. समोरचा काठ दिसत नव्हता. चुलवणावर मोठी कढई चढलेली, तुपात परतलेल्या दुधीचा आणि वेलदोड्याचा घमघमाट सुटलेला. एवढा सुरेख वास, की छायाच्याच तोंडाला पाणी सुटलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

धनराज मंडपामागच्या उकिरड्यावरून मोठ्या दुधीची सालं घेऊन आला. त्याने सालाचा आतला, पांढरा भाग जिभेला लावला. त्याला काही सांगावंच लागलं नाही, चेहऱ्यावरच दिसलं.

"तोच," थुंकून तो म्हणाला. "त्याच वेलाचा. आईला सांगतो."

तो आईकडे गेला. त्या कढईत झारा फिरवत होत्या, बाजूला पंधरा-वीस बायका, समोर नाना खुर्ची टाकून बसलेले. "सालं कडूच असायची," असं एक बाई म्हणाली. नानांनी नुसतं पाहिलं, आणि मंगलाबाई झारा फिरवत राहिल्या. धनराज मान खाली घालून परत आला.

"कढई लाथाडू," तो म्हणाला.

"उकळतं तूप आहे. शेजारी बायका बसल्यात," छाया म्हणाली. "आणि लाथाडायची गरज नाही."

"मग काय करायचं? कडू आहे म्हणून कितीही ओरडलो तरी कुणी ऐकत नाही."

"कडू आहे हे पटवायचंच कशाला?" छाया म्हणाली. "ते उष्टं झालं तरी पुरे."

ज्ञानेशला आधी कळलं.

"छाया, मार खाशील."

"खाईन."

"मी करतो," धनराज पुढे झाला. "माझी आई आहे."

"तू केलंस तर हरला म्हणून केलं म्हणतील. मी पाहुणी आहे. तू दीपूजवळ थांब."

तोवर पानं मांडून झाली होती. त्रेचाळीस पोरं दोन रांगांत बसली. कुणाला नीट मांडीही घालता येत नव्हती, तरी पाटावर ऐटीत. दीपू पहिल्या रांगेत दुसरी. तिने छायाकडे बघून हात हलवला. धनराज जाऊन तिच्या मागे उभा राहिला. कढई खाली उतरवली गेली. आत्याने केळीच्या पानावर नैवेद्य वाढायला पळी उचलली, नाना ताम्हन घेऊन पुढे झाले, सगळ्यांनी हात जोडले.

छाया गर्दीतून सरळ चालत गेली. तिने आत्याच्या हातून पळी काढून घेतली, कढईत बुडवली, फुंकर मारली आणि सगळ्यांच्या देखत जिभेने चाटली. मग तीच उष्टी पळी पुन्हा कढईत घालून तळापर्यंत ढवळली.

आत्याचा हात तिच्या गालावर बसला. चांगला सणसणीत. "काय केलंस तू? चौदा वर्षांत... चौदा वर्षांत असं..." नाना तावातावाने बोलत होते, पोरीचे आईबाप काढत होते, कढईभर नैवेद्य नासला म्हणत होते. बायका तोंडाला पदर लावून मागे सरकल्या होत्या.

छायाला त्यांतलं अर्धंच ऐकू येत होतं. आधी गूळ लागला, तूप लागलं, आणि मग घशातून ती चव वर आली. जीभ आखडली. पोटात ढवळायला लागलं. तिने मंडपाचा खांब धरला.

"आत्या," ती म्हणाली, "आता उष्टं झालंच आहे. आता हे गंगामाईला जाणार नाही. मग आता तरी चाख ना."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. गालावर पाच बोटं उमटली होती आणि पोरीचे ओठ पांढरे पडले होते. मंगलाबाईंनी बोटाच्या टोकावर कणभर हलवा घेतला आणि जिभेवर ठेवला.

त्या वळल्या, मंडपाबाहेर गेल्या आणि थुंकल्या. जमलेल्या बायकांपैकी कुणीही मंगलाबाईंना कधी असं थुंकताना पाहिलं नव्हतं. त्या परत आल्या त्या थेट पोरांच्या रांगेसमोर.

"पानाला कुणी हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "उठा सगळे. उठा, बाळांनो."

"अवं मंगलाबाई, पोरासोरांच्या नादानं..." नानांनी सुरुवात केली.

आत्याने केळीच्या पानाचा तुकडा घेतला, त्यावर पळीभर हलवा वाढला आणि नानांच्या पुढे धरला. "नाना, तुम्ही पिकवलंय. घ्या. आता चाखायला हरकत नाय."

सगळी माणसं बघत होती. नानांचा हात पुढे आला, अर्ध्यात थांबला, आणि मागे गेला. त्यांनी हलवा घेतला नाही. तेवढं पुरलं. गावाला कळायचं ते कळलं.

धुक्यातून सावळीराम पुढे आला. "माझी शेळी ह्याच येलानं मेली," तो म्हणाला. "मी तोंड उघडलं नाय. माझं चुकलं." दोन महिन्यांचं काम गेलं तर जाऊ दे, असं त्याने ठरवलं होतं, हे त्याच्या उभं राहण्यातच दिसत होतं.

छायाने हे सगळं पाहिलं नाही. ती मंडपामागे गुडघ्यांवर बसून ओकत होती, आणि ज्ञानेश एका हाताने तिचे केस आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा तांब्या धरून रडत होता. लिफ्टमधून फिरणारा ज्ञानेश. कुणी हसेल याची त्या वेळी त्याला पर्वा नव्हती.

प्रतिभाताई दुपारी आल्या त्या तडक छायाकडे. तिला तपासलं, सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत पोटदुखी थांबली.

"हिने नुसती पळी चाटली तर ही गत," त्या बाहेर जमलेल्या लोकांना म्हणाल्या. "पाच वर्षांच्या पोराने वाटीभर खाल्लं असतं, तर रक्त पडलं असतं. एवढ्या पोरांना मी इथे वाचवू शकले नसते. कडू दुधी शिजवून गोड होत नाही. त्यातलं विष शिजवल्याने जात नाही."

नाना ओट्याच्या कडेला बसले होते. सकाळपासून त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. ते उठले आणि खाटेजवळ आले.

"मला वाटलं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "शेळी मेली तेव्हाच मनात आलं होतं. पण एवढा मोठा भोपळा कधी झाला नव्हता. म्हटलं, नसंल. माझीबी नात हाय पहिल्या रांगेत, पोरी. तरी म्हटलं, नसंल." दुपारीच त्यांनी मांडवावरचे सगळे वेल मुळासकट उपटून जाळले होते. सावळीरामला दोन शेळ्या घेऊन देतो म्हणाले. सावळीरामने एकच मागितली.

कढईतला हलवा खोल खड्डा करून पुरला. सरपंच सविताताई आल्या, त्यांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "आम्ही एवढे मोठे, आणि नाकासमोरचं दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीपासून तोलल्यावर लगेच, हळद-कुंकू लागायच्या आधी, प्रत्येक भोपळ्याची चकती चाखायची. आणि ज्याने पिकवला त्यानेच."

"म्हणजे मला लाल भोपळा कच्चा खावा लागणार," धनराज म्हणाला.

"हरायची सवय आहेच तुला, कच्चं खायचीही होईल," ज्ञानेश म्हणाला. तो पुन्हा ताळ्यावर आला होता.

नैवेद्य राहिलाच होता. दिवस मावळायच्या आत तो व्हायला हवा होता. मंगलाबाईंनी साधा शिरा केला. शिऱ्याचं पातेलं घेऊन त्या घाटाकडे गेल्या नाहीत, आधी छायाच्या खाटेपाशी आल्या. सकाळपासून त्या तिच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. गालावरचा वळ अजून दिसत होता. त्यावरून त्यांनी खरबरीत बोटं फिरवली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"लय जोरात मारलं गं मी," त्या म्हणाल्या. मग पळीभर शिरा पुढे केला. "चाख."

"आत्या, नैवेद्य आहे."

"म्हणूनच चाख. तू म्हणलीस तरच मी तिकडं नेईन."

छायाने शिरा जिभेवर ठेवला. तिची जीभ अजून आखडलेलीच होती. गोड, खारट, काहीच कळत नव्हतं.

"मला चवच लागत नाही, आत्या. दीपूला दे."

दीपू दिवसभर रुसली होती, पहिली पंगत उठवली म्हणून. तरी ती आली. तिने पळी दोन्ही हातांनी धरली, डोळे घट्ट मिटले आणि औषधासारखा घास गिळला. मग एक डोळा उघडला.

"गोड आहे," ती म्हणाली.

मंगलाबाई पातेलं घेऊन पायऱ्या उतरल्या. वस्तीतले लोक मागे उभे होते. मंगलाबाईंनी पानावर शिरा वाढला, गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरल्या आणि पान पाण्यावर ठेवलं.

"गंगामाई, माझ्या पोरींचं उष्टं हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "गोड मानून घे."

पान जरा वेळ तिथेच फिरलं आणि मग हळूहळू धारेला लागलं. वर मंडपात त्रेचाळीस पोरं पुन्हा पाटांवर येऊन बसली होती, आणि सावळीराम एकेकाच्या पानात शिरा वाढत होता.